मंत्रालयाची तार: ग्योटिंगेन विद्यापीठ, १९३३

एम.एस्सी.च्या गणितात वर्षभर फळ्यावर ज्यांची नावं लिहिली जातात, ती माणसं एकदा वहीत एकाखाली एक उतरवून काढावीत. गाउस, डिरिक्ले, रीमान, क्लाइन, हिल्बर्ट, मिन्कोव्स्की, लांडाउ, नोएथर, वाइल, कूरांट. यातल्या प्रत्येकाने जर्मनीतल्या एकाच लहान गावात, ग्योटिंगेनमध्ये, शिकवलं आहे. मी गणित शिकवतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, ही सगळी एकाच ठिकाणी कशी जमली?" या प्रश्नाचं उत्तर मी आवडीने देतो. त्याला लागूनच येणारा दुसरा प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. ही यादी १९३३ला का थांबते?

हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. त्या वर्षी ग्योटिंगेनवर बॉम्ब पडला नव्हता की दुष्काळ आला नव्हता. गणित संस्थेची इमारत जेमतेम साडेतीन वर्षांची होती. ग्रंथालय जागेवर होतं, पगार वेळेवर होत होते. तरीही एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत जगातलं गणिताचं सगळ्यात मोठं केंद्र मोडलं. ते कसं मोडलं हे नीट बघायचं तर १९३३च्या बरंच मागे जावं लागतं. ज्या रस्त्याने ते मोडलं तो रस्ता विद्यापीठाच्या स्थापनेच्या वेळीच बांधला गेला होता, असं मला वाटतं.

मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही, हे आधी सांगतो. फ्रान्ट्स कीलहॉर्न १८६६पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. इथल्या शास्त्र्यांबरोबर बसून त्यांनी पाणिनीय व्याकरण पक्कं केलं. नागोजीभट्टांचा परिभाषेन्दुशेखर आणि पतंजलींचं महाभाष्य यांच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्त्या मुंबई संस्कृत मालेत निघाल्या. १८८२मध्ये ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि १९०८मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. १८८५मध्ये याच विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. हिल्बर्ट त्या गावात येण्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या पाठशाळांतली व्याकरणाची परंपरा तिथल्या वर्गात पोचली होती.

हानोवरच्या हातातली दोरी

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा जर्मनीतल्या हानोवर राज्याचाही शासक होता, तिथलं त्याचं पद एलेक्टरचं. विद्यापीठाला त्याचंच नाव आहे. शिकवणं १७३४मध्ये सुरू झालं आणि रीतसर उद्घाटन १७३७मध्ये झालं. काम उभं केलं ते हानोवरच्या सरकारातल्या गेरलाख आडोल्फ फॉन म्युन्शहाउझेन या मंत्र्याने. त्या काळच्या जर्मन विद्यापीठांना दोन दुखणी होती, आणि त्याने दोन्हींवर औषध काढलं.

पहिलं दुखणं धर्मशास्त्र शाखेच्या वरचष्म्याचं. इतर शाखांच्या प्राध्यापकांनी काय लिहावं, काय शिकवावं यावर धर्मशास्त्रवाल्यांची नजर असे. म्युन्शहाउझेनने नियमांतूनच त्यांचा हा अधिकार काढून घेतला. पुढची दोनशे वर्षं ग्योटिंगेन ज्या मोकळेपणासाठी ओळखलं गेलं, त्याचा पाया इथे आहे.

दुसरं दुखणं नेमणुकांचं. प्राध्यापकांनीच प्राध्यापक निवडायचे, म्हणजे मुलगे, जावई आणि मर्जीतली माणसं आत येणार. आपल्याकडच्या संस्थांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. म्युन्शहाउझेनने नेमणुकांची दोरी विद्यापीठाच्या हातात ठेवलीच नाही. ती हानोवरला, सरकारकडे ठेवली. कोणत्या विषयाला कोण चांगलं आहे याची तो स्वतः पत्रं पाठवून चौकशी करायचा आणि भरपूर पगार देऊन माणसं आणायचा.

हा निर्णय उत्तम ठरला, हे मान्यच करायला हवं. १८६६मध्ये प्रशियाने हानोवर गिळंकृत केलं, तेव्हा दोरी बर्लिनच्या मंत्रालयात गेली. तिथे १८८२पासून फ्रीडरिश आल्टहोफ हा अधिकारी बसला, आणि माणसं हेरण्यात तो म्युन्शहाउझेनचाच वारसदार होता. फेलिक्स क्लाइन १८८६मध्ये ग्योटिंगेनला आले ते याच मार्गाने. क्लाइनच्या आग्रहावरून १८९५मध्ये डाविड हिल्बर्टही आले. १९०२मध्ये हिल्बर्टना बर्लिनचं बोलावणं आलं, तेव्हा ते आल्टहोफला म्हणाले, मी इथेच राहतो, पण माझ्या मित्रासाठी, हेर्मान मिन्कोव्स्कीसाठी, नवी जागा तयार करा. जागा तयार झाली. एका सरकारी माणसाने होकार दिला आणि पुढच्या काही वर्षांत मिन्कोव्स्कींनी आइनस्टाइनच्या सापेक्षतेला चार मितींचं रूप दिलं.

तेव्हा दोरी चांगली की वाईट, असा हा प्रश्न नाहीच. दोन शतकं तिच्या वरच्या टोकाला जाणती माणसं होती. खालच्या टोकाला, गावात, मात्र सरकारला नाही म्हणण्याची सवय कधी लागली नाही. अपवाद एकच, आणि तो लख्ख आहे.

१८३७: सात जण

१८३७मध्ये एर्न्स्ट आउगुस्ट हानोवरच्या गादीवर आला आणि त्याने चार वर्षांपूर्वी मिळालेली राज्यघटना रद्द केली. ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी १८ नोव्हेंबरला लेखी निषेध केला: आम्ही त्या घटनेची शपथ घेतली आहे, ती आमच्यावर बंधनकारक आहे. डालमान, आल्ब्रेश्ट, गेर्विनुस, याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू, एवाल्ड आणि पदार्थविज्ञानाचे वेबर. १४ डिसेंबरला सातही जणांना काढून टाकलं. डालमान, गेर्विनुस आणि याकोब ग्रिम यांना तर तीन दिवसांत राज्य सोडायचा हुकूम निघाला.

या गोष्टीतल्या दोन बाबी मला १९३३साठी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे घटना रद्द झाल्याने या सातांपैकी कुणाचीही नोकरी जाणार नव्हती. गप्प बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. दुसरी बाब विद्यार्थ्यांची. त्यांनी निषेधपत्राच्या हाताने नकला केल्या आणि त्या जर्मनीभर पोचवल्या. हद्दपार झालेल्या तिघांना ते सरहद्दीपर्यंत निरोप द्यायला गेले.

पण विद्यापीठ म्हणून विद्यापीठ त्यांच्या पाठीशी उभं राहिलं नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. सातांपैकी वेबर हे त्यांचे जिवलग सहकारी, दोघांनी मिळून १८३३मध्ये गावाच्या छपरांवरून विजेच्या तारायंत्राची तार ओढली होती. एवाल्ड तर त्यांचे जावई. गाउस जाहीरपणे काही बोलले नाहीत. त्यांना राजकारणाचा तिटकारा होता, वय साठ होतं, घरी म्हातारी आई होती. कारणं खरी आहेत. मी गाउसना दोष देण्याच्या जागी नाही. पण शंभर वर्षांनी त्याच गावात पुन्हा कारणंच ऐकू येणार होती, म्हणून हे लिहून ठेवतो.

वाचनखोली, बाग आणि एक बाई

क्लाइन आणि हिल्बर्ट यांनी तिथे काय उभं केलं होतं? लोक शोधनिबंध मोजतात. मला त्यापेक्षा तिथली दिनचर्या महत्त्वाची वाटते. क्लाइनने गणिताची वाचनखोली काढली होती. पुस्तकं उघड्या मांडणीवर, घरी न्यायची नाहीत, हवं ते काढा आणि तिथेच वाचा. पहिल्या वर्षाचा मुलगा आणि प्राध्यापक एकाच टेबलाशी. हिल्बर्टच्या बागेत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून लांबलचक फळा होता, वर छप्पर. पाऊस असला तरी उघड्या हवेत काम चालायचं, मध्येच सायकलची एक चक्कर. गुरुवारी दुपारी गणिताचे प्राध्यापक मिळून फिरायला जायचे आणि विभागाचे बरेच निर्णय चालता चालता व्हायचे.

आत येण्याचं दार मात्र सगळ्यांना सारखं नव्हतं. १९१५मध्ये क्लाइन आणि हिल्बर्ट यांनी एमी नोएथरना बोलावलं. सापेक्षतेच्या गणितात त्यांना त्यांची मदत हवी होती. शिकवण्याचा अधिकार द्यायची वेळ आली तेव्हा तत्त्वज्ञान शाखेतले (गणित तेव्हा याच शाखेत होतं) इतर प्राध्यापक अडून बसले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी बाईच्या पायाशी बसून शिकायचं का, हा त्यांचा सवाल होता. हे काही सार्वजनिक स्नानगृह नाही, विद्यापीठ आहे, हे हिल्बर्टचं उत्तर तेव्हापासून सांगितलं जातं. परवानगी मिळाली नाहीच. मग हिल्बर्टच्या नावाने तास जाहीर व्हायचे आणि शिकवायच्या नोएथर. सममिती आणि अक्षय्यता यांना जोडणारं त्यांचं प्रमेय १९१८चं, शिकवण्याचा रीतसर अधिकार १९१९चा. पूर्ण पगाराची प्राध्यापकी त्यांना ग्योटिंगेनने शेवटपर्यंत दिली नाही. आज ज्याला आपण अमूर्त बीजगणित म्हणतो ते घडवणारी ही बाई तिथे तुटपुंज्या मानधनावर काम करत होती. तिच्या भोवती जमलेली पोरं आनंदात होती, हेही तितकंच खरं.

१९२०च्या दशकात संस्थेचा कारभार रिशार्ट कूरांटकडे आला. १९२१मध्ये मॅक्स बॉर्न आणि जेम्स फ्रांक आले आणि पदार्थविज्ञानही त्याच उंचीवर गेलं. हायझेनबर्ग बॉर्नचे सहायक होते, ओपेनहायमरने १९२७मध्ये तिथेच डॉक्टरेट घेतली. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून कूरांटने नवी इमारत बांधली. १९२९च्या डिसेंबरात तिचं उद्घाटन झालं. हिल्बर्ट १९३०मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हेर्मान वाइल आले.

एप्रिल

हिटलर ३० जानेवारी १९३३ला चान्सेलर झाला. ७ एप्रिलला कायदा आला. नाव होतं व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनर्स्थापनेचा कायदा. जर्मनीत प्राध्यापक हा सरकारी नोकर, त्यामुळे कायदा त्यांनाही लागू. जे आर्य वंशाचे नाहीत त्यांना निवृत्त करायचं. चार दिवसांनी आलेल्या नियमाने व्याख्या केली: आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल तरी पुरे.

या कायद्यातल्या सवलती नीट वाचायला हव्यात, माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा तिथे आहे. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या आग्रहामुळे काही जणांना वगळलं होतं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेले, ज्यांचा बाप किंवा मुलगा युद्धात पडला असे, आणि १ ऑगस्ट १९१४च्या आधीपासून नोकरीत असलेले. वरवर ही माणुसकी. प्रत्यक्षात काय झालं? प्रत्येक ज्यू प्राध्यापक आपले जुने कागद काढून बसला. मी कुठल्या कलमात बसतो? फ्रांक लढले होते, त्यांना लोहक्रूस हे लष्करी पदक मिळालं होतं. कूरांट पश्चिम आघाडीवर जखमी झाले होते. लांडाउ १९०९पासून प्राध्यापक होते. तिघंही कागदावर सुरक्षित. नोएथरकडे दाखवायला काहीच नव्हतं. ज्यांना एकत्र उभं राहायला हवं होतं त्यांच्यात कायद्याने आधीच पात्र आणि अपात्र असे गट पाडले होते, आणि बाकीच्यांना एक सोयीचा विचार दिला: सरकार तसं अगदीच अन्यायी नाही, खऱ्या देशभक्ताला ते सोडतंय.

हा सापळा एकाने ओळखला. १९२५चं नोबेल मिळवलेल्या फ्रांकने १७ एप्रिलला राजीनामा दिला. सैनिक म्हणून मिळणारी सवलत मला नको, आम्हा ज्यू वंशाच्या जर्मनांना परके आणि देशाचे शत्रू म्हणून वागवलं जातंय, असं त्याने लिहिलं. पत्र दुसऱ्या दिवशी गावातल्या वर्तमानपत्रात छापून आलं.

त्यानंतरचा आठवडा या प्रकरणाचं केंद्र आहे. फ्रांकच्या मागोमाग दुसरा राजीनामा आला नाही. २४ एप्रिलला मात्र ग्योटिंगेनच्याच ४२ अध्यापकांच्या सह्यांचं एक निवेदन निघालं. फ्रांकचा राजीनामा हे घातपाताचं कृत्य आहे, परदेशातल्या शत्रूंच्या हाती त्याने कोलीत दिलंय, आणि सरकारने शुद्धीकरणाची पावलं लवकर उचलावीत, असं त्यात होतं. हे ४२ जण बाहेरून आलेले नव्हते. फ्रांकबरोबर एकाच गावात, एकाच विद्यापीठात काम करणारे होते.

दुसऱ्या दिवशी, २५ एप्रिलला, बर्लिनहून तार आली. सहा जणांना तात्काळ रजेवर पाठवलं होतं. बॉर्न, कूरांट, नोएथर, संख्याशास्त्राचे फेलिक्स बेर्नश्टाइन, कायद्याचे रिशार्ट होनिग आणि शिक्षणशास्त्राचे कुर्ट बोंडी. बॉर्नना आपलं नाव वर्तमानपत्रातल्या यादीत वाचायला मिळालं.

"बडतर्फ" हा शब्द वापरला नव्हता, "रजा" होता. रजेला विरोध काय करायचा? रजा संपेल, चौकशी होईल, गैरसमज दूर होतील. कूरांट आघाडीवरचा सैनिक असूनही यादीत आले, म्हणजे सवलतींना अर्थ नव्हता हे पहिल्याच तारेत उघड झालं होतं. तरी लोकांनी तिचा अर्थ उलटा लावला: ही चूक असणार, अर्ज करूया.

अर्ज झाला. ओटो नॉयगेबाउअर आणि कुर्ट फ्रीडरिश्स या तरुणांनी कूरांटसाठी २८ सह्या गोळा केल्या. त्यांत हिल्बर्ट, प्लांक, हायझेनबर्ग, श्रोडिंगर अशी नावं होती. त्या दिवसांत सही करणं सोपं नव्हतं आणि सह्या करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण अर्जाचा सूर पाहिला की मन खट्टू होतं. कूरांट कसा गुणी, कसा देशासाठी लढला, म्हणून त्याला वगळा. कायदा चुकीचा आहे असं म्हणायला जागाच उरली नव्हती. नोएथरसाठी हेल्मुट हास या गणितज्ञाने १४ गणितज्ञांची मतं मागवली. उपयोग शून्य.

नॉयगेबाउअरची गोष्ट छोटी आहे आणि मला फार जवळची वाटते. कूरांटच्या जागी त्यांना संस्थेचे हंगामी प्रमुख केलं. नव्या सरकारशी निष्ठेचं लेखी वचन मागितलं गेलं. त्यांनी नकार दिला. प्रमुखपद एक दिवस टिकलं. ते ज्यू नव्हते. बाबिलोनी गणिताच्या मातीच्या विटा वाचणारा हा माणूस पुढे कोपनहेगनला गेला.

तो उन्हाळा आणि २ नोव्हेंबर

मग वाइल प्रमुख झाले. त्यांची बायको ज्यू वंशाची, मुलांचं पुढे काय हा घोर सतत होता. त्यांनी उन्हाळाभर मंत्रालयाला पत्रं लिहिली, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या. त्या वादळी दिवसांत नोएथरचं धैर्य, स्वतःच्या नशिबाबद्दलची बेफिकिरी आणि सगळ्यांना सांभाळून घेण्याची वृत्ती हा आपल्याला मोठा आधार होता, असं दोन वर्षांनी तिच्या श्रद्धांजलीच्या भाषणात वाइल म्हणाले. विद्यापीठाचं दार बंद झालं तेव्हा नोएथरने विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवणं चालू ठेवलं. एक विद्यार्थी नाझी दलाच्या तपकिरी गणवेशात यायचा. तिने त्यालाही शिकवलं.

वाइलने शरद ऋतूत प्रिन्स्टनची जागा स्वीकारली. बर्लिनची दारं ठोठावून थकलेल्या माणसाला आणखी काय करायला सांगायचं?

उरले एडमुंड लांडाउ. संख्या सिद्धांतातलं (नंबर थिअरी) मोठं नाव, १९०९पासून तिथे, कायद्याच्या सवलतीत बसणारे. उन्हाळ्याच्या सत्रात त्यांना तास न घेण्याचा सल्ला दिला गेला आणि त्यांच्या सहायकाने वर्ग घेतला. हिवाळी सत्रात त्यांनी स्वतः शिकवायचं ठरवलं. २ नोव्हेंबरला कलनशास्त्राच्या पहिल्या तासाला ते आले तेव्हा दाराबाहेर गर्दी आणि आत जवळजवळ रिकामी बाकं. नाझी दलाचे विद्यार्थी कुणाला आत जाऊ देत नव्हते. म्होरक्या होता ओस्वाल्ड टाइखम्युलर, वय वीस. लांडाउंनी त्याला कारणं लेखी मागितली आणि त्याने ती दिली: पहिल्या वर्षाच्या जर्मन मुलांच्या मनाची घडण ज्यू शिक्षकाच्या हातून होऊ नये. लांडाउंनी निवृत्ती मागून घेतली.

टाइखम्युलर असामान्य बुद्धीचा मुलगा होता. त्याच्या नावाच्या अवकाशांवर आजही संशोधन होतं. तो १९४३मध्ये पूर्व आघाडीवर गेला तो परतलाच नाही. मी त्याचं नाव वर्गात घेतो तेव्हा ही गोष्टही सांगतो. गणितातली हुशारी आणि माणूस ओळखण्याची शक्ती यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मुलांना वाटू नये, म्हणून.

आणि मला १८३७ आठवतं. तेव्हाच्या मुलांनी काढून टाकलेल्या प्राध्यापकांची पत्रं रात्री जागून उतरवली होती. ९६ वर्षांनी त्याच विद्यापीठाची मुलं वर्गाच्या दारात आडवी उभी राहिली. त्यांनी १० मेला गावात पुस्तकंही जाळली होती. या प्रकरणात मंत्रालय, कायदा, तार हे सगळं समजतं. ही मुलं कुठल्या घरांतून आली, कुणी घडवली, हा भाग माझ्याच्याने अजून पचत नाही, कारण शिकवणारे तेच होते. त्या वाचनखोलीतल्या टेबलांनी त्यांना गणित दिलं. आणखी काही द्यायला हवं होतं, ते दिलं गेलं नाही.

कोण कुठे

नोएथर अमेरिकेत ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर १४ एप्रिल १९३५ला वारल्या. वय ५३. कूरांट केंब्रिजमार्गे न्यूयॉर्कला गेले आणि तिथे शून्यातून जी गणितसंस्था उभी केली तिला आज त्यांचं नाव आहे. हिल्बर्टचे तर्कशास्त्रातले सहकारी पॉल बेर्नाइस झुरिकला गेले. लांडाउ बर्लिनला परतले आणि १९३८मध्ये तिथेच गेले.

बॉर्नची वाट आपल्या दारावरून गेली. केंब्रिजमधली मुदत संपत आली तेव्हा चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं. १९३५-३६चा हिवाळा बॉर्न पतिपत्नींनी तिथे काढला. कायमची जागा द्यावी अशी रामन यांची खटपट होती. संस्थेच्या बैठकीत एका इंग्रज प्राध्यापकाने उठून सांगितलं की स्वतःच्या देशाने हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्याला नको. बॉर्न समोर बसले होते. पुढे ते एडिंबराला गेले आणि १९५४चं नोबेल त्यांना मिळालं. ग्योटिंगेनने घालवलेला माणूस आपल्याला मिळता मिळता राहिला, ही खंत कुठल्याही भारतीय विज्ञानशिक्षकाला वाटावी.

हिल्बर्ट गावातच राहिले. १९३४मध्ये एका मेजवानीत नाझी शिक्षणमंत्री बेर्नहार्ट रुस्ट त्यांच्या शेजारी बसला होता, असं सांगतात. ज्यू गेल्यामुळे तुमच्या गणित संस्थेचं खरंच काही नुकसान झालं का, असं त्याने विचारलं. नुकसान कसलं, ती संस्थाच आता राहिली नाही, असं म्हातारा म्हणाला. शब्द प्रत्येकाच्या तोंडी थोडे बदलतात. १४ फेब्रुवारी १९४३ला हिल्बर्ट गेले. त्यांच्या हाताखाली साठाहून जास्त जणांनी डॉक्टरेट मिळवली होती. अंत्ययात्रेला डझनभर माणसंही नव्हती. थडग्यावर त्यांचेच १९३०च्या भाषणातले शब्द आहेत: आपल्याला जाणून घ्यायलाच हवं, आपण जाणून घेऊच.

युद्धानंतर विद्यापीठ लवकर सावरलं, १९४५च्या सप्टेंबरात ते पुन्हा सुरूही झालं. माक्स प्लांक संस्थेची स्थापना १९४८मध्ये ग्योटिंगेनलाच झाली. कूरांटने बांधलेल्या इमारतीत आजही गणित शिकवतात. १९५३मध्ये गावाने बॉर्न, कूरांट आणि फ्रांक यांना एकदमच सन्माननीय नागरिकत्व दिलं, आणि तिघांनीही ते घेतलं.

फ्रांक शिकागोत स्थायिक झाले होते. अणुबॉम्ब जपानवर टाकू नका, आधी त्याची ताकद जगाला दाखवा, असं १९४५च्या जूनमध्ये अमेरिकन सरकारला सांगणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांचं नोबेल पदक कोपनहेगनला पदार्थवैज्ञानिक नील्स बोरकडे सुरक्षित ठेवलेलं होतं. १९४०मध्ये जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये आलं तेव्हा तिथल्या हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने ते आम्लराजात (सोनं विरघळवणारं आम्लमिश्रण) विरघळवून ती बाटली फळीवर ठेवून दिली. युद्धानंतर त्याच सोन्यातून पदक पुन्हा घडवलं गेलं. १९६४च्या मे महिन्यात फ्रांक जुन्या मित्रांना भेटायला ग्योटिंगेनला आले होते. २१ तारखेला तिथेच त्यांचं निधन झालं.

त्या ४२ सह्यांपैकी एकही नाव माझ्या कुठल्याही वर्गात फळ्यावर लिहायची वेळ आलेली नाही.